लहान खोलीची मांडामांड



मी सातवी शिकलेली बाई, भाषण कसले करणार! पण हळदीकुंकवाला पुष्कळ जणी विचारतात, "तुमची खोली एवढी मोकळी कशी?" म्हणून चार शब्द सांगते.

आमची बी.डी.डी. चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. माणसे पाच. 2019 साली थोरल्याने हौसेने सोफा आणला. पाठोपाठ टीपॉय आला, आणि मोरीकडे जायला वीतभर वाट उरली. एका रात्री सासूबाई अंधारात टीपॉयला अडखळून पडल्या. मनगट मोडले. सोफ्याचे कौतुक तिथेच संपले.

मग मी शिवणाच्या टेपने एकूणएक सामान मोजले, त्या त्या मापाची जुनी वर्तमानपत्रे कापली नि जमिनीवर मांडून पाहिली. कागद सरकवायला हमाल लागत नाही! आधी दारापासून मोरीपर्यंत अडीच फूट वाट खडूने आखली. तिच्यावर काही ठेवायचे नाही. कपाटाचे दार उघडायला जागा लागते, ती मी पहिल्यांदा साफ विसरले होते. सासूबाईंची खाट मोरीजवळ घेतली. मुलीच्या अभ्यासाला खिडकीखाली बिजागरीची फळी लावली. काम झाले की खाली पाडायची. सोफा दिरांकडे गेला. थोरला आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आता त्याच जागी सतरंजी अंथरून पाय पसरून झोपतो.

सासूबाई रात्री उठतात तेव्हा मला जाग येते. त्या परत येऊन खाटेवर बसल्याचा आवाज ऐकला, की मी कूस बदलते.