घरटी एक ओंजळ

(मंदिराच्या जीर्णोद्धार समारंभात सभामंडपात झालेल्या भाषणावरून)



मंदिराचे काम तडीस गेले. ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी अंगमेहनत केली आणि ज्यांनी रोज संध्याकाळी येऊन कामावर नजर ठेवली, त्या सर्वांचे कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलेच आहे. समितीने मला विषय दिला आहे तो निराळा. नव्या मंदिरात पहिला मोठा उत्सव येणार तो नवान्नाचा. तो कसा करावा आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, यावर दोन शब्द बोलावे अशी आज्ञा झाली आहे.

आश्विनात हा सण का येतो, हे आपल्या मुलांना सांगण्याची आता वेळ आली आहे. भात हळवे, निमगरवे आणि गरवे असे तीन प्रकारचे. पावसाच्या सुरुवातीला पेरलेले हळवे भात दसऱ्याच्या सुमारास पिकते. म्हणून त्या दिवसांत नवी कणसे देवाला वाहून दाराला बांधायची आणि आश्विन पौर्णिमेला नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवायचा. कोजागिरीला नवान्न पौर्णिमा म्हणतात ते यामुळेच. आपले शेजारी ईस्ट इंडियन बांधव याच सुमारास, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, आगेरा साजरा करतात. लॅटिन भाषेत 'आगेर' म्हणजे शेत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. ते कणसे मिरवत चर्चमध्ये नेतात आणि आशीर्वाद घेऊन घरी आणतात. देऊळ निराळे, प्रार्थना निराळी. पण भात एकच, पाऊस एकच आणि ही साष्टीची मातीही एकच.

ती माती आता कुठे आहे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द वाढली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतची गावे शहरात आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे मरोळला औद्योगिक वसाहत आली, १९७३ साली सीप्झ आले. जिथे लावणी होत असे तिथे कारखाने आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्यातून आपल्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या, हेही खरे. पण शेत गेले आणि सण राहिला. आता कणसेसुद्धा बाहेरून आणावी लागतात.

मंडळी, शेताबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिच्याकडे आपले लक्ष नाही. ती म्हणजे खर्चाची जुनी रीत. पूर्वी खळ्यावर धान्याची रास पडली की बलुतेदारांचे माप निघे, तसे देवाचेही माप निघे. ज्याचे पीक मोठे तो पायली देई, ज्याचे थोडे तो शेर देई. ज्याला शेतच नाही तो लाकडे फोडी, पाणी भरी. देवाच्या पंगतीत कोणी फुकट जेवला असे होत नसे, आणि एकट्याने सगळ्यांना जेवू घातले असेही होत नसे.

आता मुद्द्यावर येतो. यंदा उत्सवाचा सगळा खर्च एकट्याने उचलण्याची तयारी एका सद्गृहस्थांनी दाखविली आहे. प्रवेशाची कमान त्यांच्या नावाची असावी, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांच्या भावनेबद्दल मला पूर्ण आदर आहे. तरीही माझी समितीला हात जोडून विनंती आहे की, हे संपूर्ण स्वरूपात स्वीकारू नये.

कारण सांगतो. जीर्णोद्धाराची गोष्ट वेगळी. दगड, सिमेंट, संगमरवर यांना एकदाच मोठी रक्कम लागते. तिथे मोठ्या दात्याशिवाय गत्यंतर नाही. उत्सव दरवर्षी येतो. ज्या वर्षी दाता थांबेल त्या वर्षी आपण काय करणार? वर्गणी मागण्याची सवय मोडली की ती पुन्हा लागत नाही. शिवाय वर्गणी म्हणजे नुसता पैसा नव्हे. कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा कोण आजारी आहे, कोणाकडे नवी सून आली, वरच्या मजल्यावर कोण राहायला आले, हे गावाला कळते. वर्गणी बंद झाली की हे दार बंद झाले. मग पंगतीला माणसे येतील, पण पाहुणे म्हणून येतील.

खर्च झेपणार नाही, अशी भीती काहींनी बोलून दाखविली. आपण साधा हिशेब करू. एका पानाला शंभर ग्रॅम तांदूळ धरला तर ५०० पानांना ५० किलो लागतो. आता ओंजळभर तांदूळ म्हणजे दोनशे ग्रॅम धरा. २५० घरांनी एकेक ओंजळ दिली की ५० किलो झाले! गावठाणातली घरे आणि भोवतालच्या इमारती मिळून एवढी दारे आपल्याला सहज मिळतील. इमारतीतले लोक आपले नव्हेत असे म्हणू नका. त्यांच्याकडे कोणी गेलेच नाही, म्हणून ते आले नाहीत.

तांदूळ घरटी ओंजळभर घ्यावा. रोख वर्गणी प्रत्येक घराला परवडेल अशी सारखी ठेवावी, आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडून एक दिवसाचे काम घ्यावे. मोठ्या दात्यांनी मंडप, भांडी किंवा विजेचा खर्च यांपैकी एकेक बाब उचलावी. त्यांची नावे इतरांच्या यादीतच, मानाने छापावी. जीर्णोद्धाराचा निधी आणि उत्सवाचा निधी यांची खाती निराळी असावीत. पावतीपुस्तकांना क्रमांक असावेत, उरलेली पुस्तके परत घ्यावीत. मोबाइलवरून आलेल्या पैशांचीही पावती फाडावी. प्रत्येक खर्चावर दोघांच्या सह्या हव्यात. आपले मंदिर नोंदलेला सार्वजनिक न्यास आहे, तेव्हा हिशेबतपासणी कायद्याने करावीच लागते. पण ती कागदावरची झाली. गावाला हिशेब याच सभामंडपात, पंधरा दिवसांच्या आत, मोठ्याने वाचून दाखवावा.

तरुणांना एक सांगणे. मंडपाची परवानगी, पोलिसांचा दाखला ही कामे महिनाभर आधी हाती घ्या. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, हा नियम २००० सालापासून आहे. तो आपण आपणहून पाळावा. भोजनाची जबाबदारी भगिनींवर टाकून पुरुषांनी व्यासपीठावर बसण्याची पद्धतही आता पुरे झाली. वाढपी आणि भांडी घासणारे यांची यादी आधी करा, वक्त्यांची नंतर.

आगेऱ्याच्या दिवशी चर्चमधून प्रत्येकजण एकेक कणीस घरी नेतो, तसे आपल्याकडेही ओंजळ देणाऱ्या प्रत्येक घराला देवापुढचे एक कणीस द्यावे. भाडेकऱ्यालाही द्यावे, मालकालाही द्यावे. ते दाराला बांधलेले दिसले की हे घर उत्सवात आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल.

ज्या सद्गृहस्थांचा उल्लेख केला तेही आज इथे आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच की, त्यांनी मंडपाचा खर्च जरूर उचलावा, आणि पहिली ओंजळही त्यांच्याच घरून यावी. कमानीवर मात्र गावाचे नाव असू द्यावे.

 गावदेवीच्या कृपेने सर्वांचे कल्याण होवो.