अमेरिकन पऱ्हाटीच्या पोटातली देशी पऱ्हाटी

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीनंतर एका म्हाताऱ्या बाबांनी मला एस. टी. स्टँडवर गाठले. म्हणाले, "साहेब, तुम्ही शेतकी शिकलेले. देशी पऱ्हाटी पाऊस लांबला तरी तग धरते, मावा-तुडतुडे तिला फारसे लागत नाहीत. अमेरिकनचे बोंड मोठे, धागा लांब. मग या दोघींचा संकर करून एकच बियाणे का काढत नाही? की कंपन्यांना ते नको आहे?"

कंपन्यांना काय हवे अन् काय नको, याचा हिशेब आपण दर बैठकीत मांडतो. पण बाबांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर कंपनीच्या कचेरीत नाही, पऱ्हाटीच्या पेशीत आहे. आज तेवढेच सांगतो.

कॉलेजात असताना मीही हा उद्योग करून पाहिला. संध्याकाळी अमेरिकनच्या कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी देशीचे पराग लावायचे, दोरा बांधायचा. सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जाणाऱ्या बायांना हे काम माझ्याहून चांगले येते. शंभरावर फुले बांधली. आठवडाभरात बहुतेक गळाली. दोन-तीन बोंडे टिकली, त्यांतली सरकी पोचट. सर हसून म्हणाले, "आधी गुणसूत्रे मोजायची, मग दोरा बांधायचा."

प्रत्येक पेशीत त्या झाडाचे सगळे दप्तर असते आणि ते गठ्ठ्यांत बांधलेले असते. एकेका गठ्ठ्याला गुणसूत्र म्हणतात. देशीत असे २६ गठ्ठे : १३ आईचे, १३ बापाचे. अमेरिकनमध्ये ५२. संकर केला की देशीचे १३ आणि अमेरिकनचे २६ मिळून होतात ३९. पुढचे पराग तयार व्हायला गठ्ठ्यांच्या जोड्या लागाव्या लागतात. ३९ ची जोडी लागणार कशी? म्हणून रोप उगवलेच तरी ते वांझोटे निघते. घोडा आणि गाढवाचे खेचर होते, तशातली गत.

पण खरी गंमत पुढेच आहे. १९३० च्या दशकात स्कोव्हस्टेड नावाच्या संशोधकाने अशा वांझ रोपांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. देशीकडून आलेली १३ गुणसूत्रे अमेरिकनच्या मोठ्या १३ गुणसूत्रांशी जोडी जमवत होती. अमेरिकनची लहान १३ तेवढी एकटी उरत होती. म्हणजे अमेरिकनचे अर्धे दप्तर आपल्या देशीच्या घराण्यातले! मग १९४० साली अमेरिकेत बीझली यांनी देशी कपाशीचा तिथल्या एका रानकपाशीशी संकर केला आणि औषधाने त्याची गुणसूत्रे दुप्पट केली. झाड फळते झाले, अमेरिकन कपाशीशी त्याचा संकरही जुळला. निसर्गाने जे केले होते ते माणसाने पुन्हा करून दाखवले.

निसर्गाने ते केले दहा-वीस लाख वर्षांपूर्वी. आशिया-आफ्रिकेकडच्या कपाशीच्या कुळातले बी समुद्र ओलांडून अमेरिका खंडात पोचले. तिथल्या रानकपाशीशी त्याचा संकर झाला आणि गुणसूत्रे दुप्पट झाल्याने तो वांझ राहिला नाही. त्या रानकपाशीची सर्वांत जवळची नातलग आजही पेरू देशात उगवते. तिच्या सरकीवर सूत काततील असा धागाच नाही.

आता ऐका. या दोन घराण्यांचे गठ्ठे एका पेशीत आले, पण कालवले गेले नाहीत. एका वाड्यात दोन भाऊ दोन चुली मांडून राहावेत तसे ते आजही वेगळे ओळखू येतात. जवळपास प्रत्येक जनुक दोनदा आले, एक या घरचे, एक त्या घरचे. एकाने रोजचे काम ओढले तर दुसऱ्याला बदलायला मोकळीक मिळाली. लांब धाग्यामागची जनुके शोधायला गेल्यावर त्यांतली पुष्कळशी सापडली बिनधाग्याच्या रानकपाशीकडून आलेल्या गठ्ठ्यांत! ज्या घरात कापूस नव्हता त्या घराने कापूस वाढवला. नुसता बाप पाहून बियाण्याची परीक्षा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दप्तर जाड म्हणजे झाड हुशार, असेही समजू नका. दप्तराची लांबी अक्षरांत मोजतात. देशी कपाशीची सुमारे १७० कोटी, पेरूच्या रानकपाशीची त्याच्या निम्म्याच्या आसपास. कामाची जनुके मात्र दोघींत जवळपास सारखी. बाकीचा फुगवटा स्वतःच्याच नकला काढून दप्तरात जागोजागी घुसणाऱ्या तुकड्यांचा. आपल्या ज्वारीचे दप्तर सुमारे ७३ कोटी अक्षरांचे, मक्याचे २३० कोटींचे. पाऊस दडी मारतो तेव्हा कोण उभे राहते, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा शोध बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी मक्यातच लावला. वर्षानुवर्षे फारसे कुणी मनावर घेतले नाही, १९८३ साली नोबेल मिळाले.

तर बाबांचा प्रश्न. देशीचा चिवटपणा अमेरिकनमध्ये आणता येईल का? येईल, पण बीटीसारखा नाही. बीटी म्हणजे जिवाणूचे एक जनुक दप्तरात घातले. २००२ साली त्याला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. गुलाबी बोंडअळीने आपल्या दप्तरात फेरफार करून दोन्ही पचवली, ते २०१७ साली विदर्भ-मराठवाड्याने भोगले. तगून राहणे हे एका जनुकाचे काम नाही. मुळे, पानाची जाडी, लव, बोंड धरण्याचा काळ, अशा अनेक नोंदींचे ते मिळून काम. त्या एका घराण्यातून दुसऱ्यात न्यायच्या तर गुणसूत्रे दुप्पट करून पिढ्यान् पिढ्या उलट संकर करावे लागतात. दहा-पंधरा वर्षे जातात आणि नफ्याची हमी नाही. म्हणून हे काम कृषी विद्यापीठांचे आहे, आणि त्यासाठी पैसा मागणे आपले.

मी देशीचा भगत नाही. तिचे बोंड लहान, कापूस वेळेवर वेचला नाही तर जमिनीवर गळतो, आखूड धाग्याला व्यापारी भाव पाडून मागतो. पण परभणी विद्यापीठाने पीए-२५५, म्हणजे 'परभणी तुराब', काढून देशीतही धागा लांबवता येतो हे दाखवले. ज्या घराण्यातून उद्याचे गुण घ्यायचे, ते बांधावरूनही नाहीसे झाले तर घेणार कुठून?

आणि ३९ च्या वांझपणाचा एक फायदा आहे, तो पदरात पाडून घ्या. शेजाऱ्याची बीटी अमेरिकन असली तरी तुमची देशी सरकी तिच्याने बिघडत नाही. जवळ दुसरी देशी जात असेल तर मात्र ५० मीटर अंतर ठेवा. कुणाकडे जुनी गावरानी सरकी असेल तर यंदा चार ओळी लावा, निरोगी झाडांची मधल्या वेच्याची बोंडे वेगळी ठेवा. जिनिंगमध्ये पाठवू नका, तिथे सगळ्यांची सरकी एकत्र होते. घरीच सरकी काढा, पिशवीवर गावाचे नाव लिहा आणि पुढच्या बैठकीला मूठभर घेऊन या.