तेजीचा पैसा आणि आपली घरे
(दर्यापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थी-साहाय्य निधीची रक्कम मुदतठेवीतून काढून शेअरांत घालावी, अशी सूचना यंदा काही तरुण सभासदांकडून आली आहे. ती सद्हेतूने आली आहे, यात आम्हांस शंका नाही. परंतु सार्वजनिक न्यासाच्या पैशास १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याचे ३५ वे कलम लागू आहे. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून तो पैसा बाजारात नेता येत नाही. निधीचा प्रश्न असा कायद्यानेच मिटविला. घरोघरच्या पैशाला मात्र असे कोणतेही कलम नाही; म्हणून त्याविषयीच बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

तेजी म्हणजे काय, हे वऱ्हाडाला कपाशीने फार पूर्वी शिकविले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसास अपूर्व भाव आला. त्या तेजीत मुंबईस जो पैसा लोटला, त्याचा मोठा भाग कागदांत गेला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या. प्रेमचंद रायचंदांचा शब्द म्हणजे बाजाराचा शब्द झाला. १८६५ च्या एप्रिलात जनरल ली शरण गेला, कापूस कोसळला, आणि १ जुलैस वायद्यांचा हिशेब चुकविण्याची वेळ आली तेव्हा पैसे देणारा कोणी उरला नव्हता. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बाँबेचा शेअर ८७ रुपयांवर आला.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. समुद्र हटविण्याची कल्पना खोटी नव्हती. पुढे विसाव्या शतकात बॅकबेच्या त्याच किनाऱ्यावर मरीन ड्राइव्ह झालाच. कल्पना खरी होती, भाव खोटा होता. आणि खऱ्या कल्पनेच्या आश्रयाने आलेला खोटा भाव ओळखणे फार कठीण असते.

१९९९-२००० मध्ये हेच पुन्हा घडले. इंटरनेट जग बदलील असे सारे म्हणत होते, आणि ते खरेही ठरले. तथापि अमेरिकेतील नॅसडॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर होता, तो ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ पर्यंत उतरला. आपल्याकडे सेन्सेक्सने फेब्रुवारी २००० मध्ये सहा हजारांचा टप्पा ओलांडला; सप्टेंबर २००१ मध्ये तो २,६०० च्याही खाली होता. मार्च २००१ मध्ये केतन पारेख यांना अटक झाली. इन्फोसिससारखी सचोटीची कंपनी टिकली, वाढली. पण तिचाही भाव तेव्हा निम्म्याहून खाली गेला होता. मग नावापुढे नुसते 'सॉफ्ट' वा 'टेक' लावलेल्यांची कथा काय सांगावी?

सर्वांत करुण भाग युनिट ६४ चा. ज्यांनी शेअरबाजाराचे तोंड पाहिले नव्हते, अशा निवृत्त शिक्षकांनी व कारकुनांनी निर्धास्तपणे त्यात पैसा ठेविला होता. २ जुलै २००१ पासून युनिट ट्रस्टने त्याची खरेदी-विक्री सहा महिने थांबविली. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काही सहा महिने थांबत नाही.

आज बाजार दुकानात नसून मुलांच्या खिशातील मोबाइलमध्ये आहे. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, मागील तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांत उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णवांना तोटा झाला. शेअर घेणे म्हणजे जुगार, असे आम्ही म्हणत नाही; दहा वर्षे न लागणारा पैसा चांगल्या धंद्यात खुशाल घालावा. पण कपाशीचे चुकारे हाती आले की त्यातून पुढल्या पेरणीचे बियाणे, खत आणि सोसायटीचे कर्ज आधी वेगळे काढावे. शेत गहाण ठेवून किंवा सोने मोडून कोणी बाजारात उतरत असेल, तर घरच्या बायांनी निःसंकोच आडवे यावे. तो त्यांचा अधिकार आहे.

मंडळातील दोन सनदी लेखापालांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी कार्यालयात बसण्याचे मान्य केले आहे. ज्यांना एखाद्या कंपनीचा शेअर घ्यावयाचा असेल, त्यांनी तिचा छापील ताळेबंद घेऊन यावे. ज्या कंपनीचा ताळेबंदच मिळत नाही, तिच्यासाठी येण्याचे श्रम घेऊ नयेत.