आधी गरिबी की आधी हवामान?

(भोरमध्ये तरुणांसमोर केलेलं भाषण)



जगातली गरिबी जास्त तातडीची की हवामानबदल, यावर बोलायला मला सांगितलंय. माझं उत्तर आधीच सांगतो: गरिबी. पण तेवढं ऐकून हवामानाची फाईल बंद करू नका.

आपलं भाटघर धरण घ्या. या धरणाचं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटणकडे जातं. धरणाच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात छत्री टिकत नाही, आणि तिथल्याच काही वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. याला हवामानबदल म्हणू नका. पाणी साठवायला, उचलायला पैसा कुणाकडे आहे, त्याचा हा हिशेब आहे.

आता दुसरी बाजू. वरंध घाट उतरला की महाड तालुका. तिथल्या तळियेवर 22 जुलै 2021 ला दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. आपल्याच जिल्ह्यातल्या माळीणमध्ये 30 जुलै 2014 ला दीडशेच्या आसपास. पाऊस बंगल्यावरही पडतो, पण डोंगराखालच्या माणसाला दुसरीकडे गुंठाभर जागा घेणं परवडत नाही. अरबी समुद्र तापतोय, थोड्या वेळात धो-धो कोसळणारा पाऊस वाढतोय. म्हणजे आज गरिबी तशीच ठेवली, तर तिची किंमत दरवर्षी चढत जाणार.

उन्हाचंही तेच. रस्त्यावर माल विकणाऱ्यांत मुसलमानांचं प्रमाण जास्त आहे, हे सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवलं. एप्रिलच्या दुपारी हातगाडी बंद ठेवली तर संध्याकाळी चूल कशी पेटणार?

एक सावधगिरी मात्र हवी. 'आधी गरिबी' म्हणत लोक काहीही खपवतात. भोर-वेल्ह्यात फार्महाऊससाठी डोंगर कापले जातात, तेव्हाही रोजगाराचंच नाव पुढे केलं जातं. त्यातून कुठली गरिबी हटली, मला तरी दिसलेली नाही.

आपल्या हातात काय आहे? जकात. अडीच टक्के. रमजानमध्ये आपण रेशनचे किट वाटतो, पुढच्या रमजानला त्याच दारात पुन्हा तेच किट. त्यातल्या काही पैशांतून एखाद्या गरजू घराचं गळकं छप्पर बदला, हातगाडीला सावली करून द्या. धरण आपल्याला बांधायचं नाही, पण वजूचं पाणी मशिदीच्या आवारातल्या झाडांना नक्की वळवता येईल.

आणि येत्या ग्रामसभेत उभं राहून एकच प्रश्न विचारा: रात्री दोन वाजता डोंगर सरकला, तर वरच्या वाडीतल्या लोकांनी कुठे जायचं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.