बोहनी कोण करणार?



यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या तालुक्यांत कोलाम आणि बुरुड कारागिरांच्या हातची सुपे, टोपल्या, तट्टे आजवर विकली गेली ती आठवडी बाजारात. तेथे गिऱ्हाईक सूप हातात घेते, उलटे करते, काठावरून बोट फिरवते आणि मग भाव पाडून मागते. कारागिराला न्याय मिळतोच असे नाही. पण निदान माल तरी डोळ्यांपुढे असतो. आता त्याच कारागिराला, किंवा त्याच्या शिकलेल्या मुलीला, सांगण्यात येते की मोबाइलवर दुकान मांडा, सारा देश तुमची बाजारपेठ आहे. दुकान एका दुपारी मांडून होते. प्रश्न त्यानंतरचा आहे : बोहनी कोण करणार?

या नव्या बाजारात ज्याचा माल खपला आहे, ज्याच्याविषयी ग्राहकांनी चार शब्द लिहिले आहेत, तो आधी दिसतो. विक्री नाही म्हणून दर्शन नाही आणि दर्शन नाही म्हणून विक्री नाही. भांडवलवाला हे चक्र जाहिरातीच्या पैशाने तोडतो. कारागिराने कशाने तोडावे?

१९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. तीच पुढे लिज्जत पापडाची संस्था झाली. सुरुवातीची चार पाकिटे भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. तोटा आला तरी देणगी घ्यावयाची नाही, हेही त्यांनी आरंभीच ठरविले होते. ओळख हवी, पण दया नको, असा हा व्यवहार होता. मारेगाव तालुक्यातून नोकरीसाठी नागपूर-पुण्यास गेलेली माणसे, शिक्षक, कर्मचारी संघटनांचे सभासद, यांच्यापर्यंत नावानिशी निरोप गेला पाहिजे. ज्याच्या घरी सूप वापरले जाते त्यानेच ते घ्यावे आणि वापरून जे वाटले ते खरे लिहावे. भावाने मागवावे आणि मेहुण्याने न पाहताच स्तुती करावी, हा मार्ग सोपा असला तरी लबाडीचा आहे.

बाजारात बोहनीचे गिऱ्हाईक परत पाठवू नये, म्हणून विक्रेता थोडे कमी घेतो. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट विसरली जाते. मोबाइलवरच्या दुकानात मात्र पहिला भाव लिहिलेला राहतो आणि पुढचे प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्यावर बोट ठेवते. म्हणून येथे बोहनीची सूट देऊ नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला, म्हणून तो फुकट होत नाही. तोडण्या-वाहण्याचा दिवस, कामट्या काढण्याचा दिवस, विणण्याचा दिवस, सगळ्यांची मजुरी भावात आलीच पाहिजे.

त्यात वाहतूक आहे. बहुतेक कुरिअर कंपन्या हलक्या पण मोठ्या वस्तूचे भाडे आकारावरून लावतात : लांबी, रुंदी, उंची यांच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला अनेकदा ५००० ने भागून येतील तितके किलो. ४० सेंटिमीटर लांब-रुंद आणि २० उंच खोक्यातली टोपली प्रत्यक्षात किलोभर असली, तरी भाडे ६.४ किलोचे! एकीत एक बसणाऱ्या तीन टोपल्यांचा संच केला, तर तेवढ्याच खोक्यात तिन्ही जातात. हा हिशेब पहिल्या मागणीपूर्वी व्हावा. नाहीतर बोहनीच तोट्याची होईल.

आणि कायदा. १ ऑक्टोबर २०२३ पासून, मर्यादेखालील उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला जीएसटीची नोंदणी न करता, केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन, मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांमार्फत वस्तू विकता येतात. पण आपल्या राज्यातच. मारेगावच्या सुपाला पुणे चालते, पैनगंगेपलीकडचे आदिलाबाद चालत नाही. कोलामांची वस्ती मात्र नदीच्या दोन्ही तीरांना आहे! हस्तकलेच्या वस्तूंपुरती ही अट काढावी, अशी मागणी कारागिरांनी संघटितपणे केली पाहिजे. तोवर पहिल्या दहा मागण्या वणी, यवतमाळ, नागपूर येथूनच मिळवाव्यात.