पाण्याची वाट आणि माणसाची वाट



सायकल चालवायला शिकावे लागते हे आपण जाणतो. पण सायकलीसाठी डोंगरात वाट कशी पाडावी याचेही शिक्षण असते काय, असा प्रश्न आजचा विषय वाचून पुष्कळांच्या मनात आला असेल. असे शिक्षण असते, आणि ते दोघांना मिळून द्यावे लागते. एक, ज्याच्या ताब्यात सरकारी जमीन असते तो अधिकारी. दुसरा, सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून कुदळ घेऊन येणारा स्वयंसेवक. अमेरिकेत ही विद्या कशी रुजली आणि तीत काय शिकवतात, ते आज पाहू.

कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात 1970 नंतर काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकलींवरून डोंगर उतरू लागले. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. उतार इतका तीव्र, की तळाशी पोचेपर्यंत मागच्या चाकातील ब्रेकचे वंगण जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या रस्त्याला नावच पडले 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा'! पुढे कारखाने अशा सायकली बनवू लागले, माणसांची रीघ लागली, आणि पादचारी व घोडेस्वार यांच्याशी खटके उडू लागले. ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनी सोपा उपाय केला : वाटेवर पाटी लावली, 'सायकलींना मनाई'. तेव्हा 1988 साली कॅलिफोर्नियातील पाच सायकल मंडळांनी मिळून 'इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन' ही संस्था काढली.

वाद मातीचा होता. चाकांनी वाटा धुपतात, असे अधिकारी म्हणत. जमीन लोकांची आहे, आम्हांलाच का अडवता, असे सायकलवाले म्हणत. विल्सन आणि सेनी या दोघा संशोधकांनी मोंटाना राज्यात प्रयोग केले व 1994 साली प्रसिद्ध केले. भिजवलेल्या वाटेवर घोड्यांच्या टापा आणि माणसांची पावले चाकांपेक्षा अधिक माती सुटी करतात, असे त्यांना आढळले. पण एवढ्यावरून सायकलवाल्यांनी मिशीला पीळ देण्याचे कारण नाही. कारण सुटी झालेली माती वाहून नेणारा खरा गडी निराळाच आहे. तो म्हणजे पाणी! आपल्या भाषेत 'वाट लागणे' या शब्दांना दोन अर्थ आहेत. पाण्याला माणसाची वाट लागली, म्हणजे सापडली, की माणसाच्या वाटेची वाट लागते.

म्हणून या शिक्षणाचा पहिला धडा कुदळीचा नसतो, पाण्याचा असतो. टेकडीच्या माथ्यावरून पाणी ज्या रेषेने थेट खाली धावते, त्या रेषेवर वाट आखू नये. वाट डोंगराच्या कुशीने, आडवी जावी. किती चढावी? त्याचे साधे गणित आहे : डोंगराचा उतार जितका असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ अधिक नसावा. शंभर फुटांत वीस फूट उतरणाऱ्या टेकडीवर वाट शंभर फुटांत दहा फुटांपेक्षा जास्त चढली, की पाणी तिला ओलांडून जाण्याऐवजी तिच्यातूनच धावू लागते. सबंध वाटेचा सरासरी चढही शेकडा दहाच्या आत ठेवावा. वाटेची बाहेरची कड किंचित कललेली असावी. आणि चढण अधूनमधून मोडून थोडा उतार द्यावा, म्हणजे तेथे पाणी वाटेचा नाद सोडून दरीकडे वळते.

1997 साली या संस्थेने दोघादोघांची फिरती पथके सुरू केली. मोटारीत अवजारे घालून ती गावोगाव जात. सकाळी वर्ग भरे. दुपारी तीच मंडळी डोंगरावर. उतारमापक डोळ्याला लावून चढ मोजायचा, झेंड्या रोवून रेषा आखायची, ती दोन्ही बाजूंनी चालून पाहायची, आणि मगच माती हलवायची. हातात अवजारे दोन : एका अंगाला कुऱ्हाड व दुसऱ्या अंगाला कुदळ असलेले 'पुलास्की', आणि दाते व फावडे एकत्र असलेले 'मॅक्लाउड'. दोन्ही जंगलाचे वणवे रोखणाऱ्या वनरक्षकांची नावे आहेत.

या वर्गात अधिकारी आणि स्वयंसेवक शेजारी बसत, यात खरे मर्म आहे. अधिकाऱ्याजवळ हुकूम असतो, पण माणसे नसतात. स्वयंसेवकाजवळ हात असतात, पण परवानगी नसते. हात उत्साही आणि अडाणी असले, तर एका रविवारी केलेले नुकसान पुढे कित्येक पावसाळे निस्तरावे लागते. उलट अधिकाऱ्याला वाटेचे शास्त्र ठाऊक नसेल, तर त्याच्यापाशी 'नाही' हा एकच शब्द उरतो. दोघांनी एकाच उतारमापकातून पाहिले म्हणजे भांडण मिटतेच असे नाही. पण ते निदान मोजता येण्याजोग्या गोष्टीवर होते.

कोणी विचारील, सरकारचे काम लोकांनी फुकट का करावे? आक्षेप खरा आहे. स्वयंसेवकांच्या घामावर सरकारने आपली तिजोरी वाचवू नये. पण स्वतः खणलेल्या वाटेवर माणूस चिखलात सायकल घालत नाही आणि दुसऱ्यालाही घालू देत नाही. हा पहारा पगार देऊन मिळत नाही.

आणि या शिक्षणात एक कडू धडाही आहे : कोठे खणू नये. अमेरिकेच्या 1964 च्या वन्यप्रदेश कायद्याने राखलेल्या अरण्यात यांत्रिक वाहनाला मज्जाव आहे, आणि 1984 साली वनखात्याने त्यात सायकलही येते असे नियमात स्पष्ट केले. पुष्कळ सायकलस्वारांना हे आजही सलते. पण वाट पाडण्याची विद्या ज्याला आली, त्याला न पाडण्याची जबाबदारीही आली.

आपल्या सह्याद्रीत सायकली थोड्या. पण गडाची नागमोडी वाट सोडून सरळ घसरत उतरणारे थोडे नाहीत. त्या आडवाटेने पहिल्या पावसात ओहळ धावतो, आणि दोन-चार वर्षांत तिथे घळ पडते. पाऊस आपल्याकडे अधिक, म्हणून गणितही आपल्यालाच अधिक लागू. डोंगर चढण्याचा हक्क सगळ्यांचा आहे, हे आपण मान्य करतो. तो हक्क टिकवायचा असेल, तर वर्षातून चार दिवस कुदळ आपल्या हाती असली पाहिजे, आणि कुदळीआधी उतारमापक.