कारूझोचा कंठ

पुरुषाच्या उंच पट्टीच्या आवाजास युरोपांत ‘टेनर’ म्हणतात. या आवाजाचा विख्यात धनी एन्रिको कारूझो १८७३ सालीं नेपल्स येथें जन्मला. १९०१ च्या अखेरीस तो आपल्या शहरांतील सान कार्लो नाट्यगृहांत दोनिझेत्तीच्या ‘लेलिसिर दामोरे’ या संगीतिकेंत गायला. परंतु तेथील जाणकारांनीं त्याचें थंड स्वागत केलें. तो मोसम संपतांच, येथें पुन्हां गाणार नाहीं, अशी त्यानें प्रतिज्ञा केली आणि ती आमरण पाळली.

१९०२ मध्यें मिलान येथें त्यानें दहा गीतें ध्वनिमुद्रित केलीं. तबकड्यांनीं त्याचा आवाज देशोदेशीं नेला. १९०३ पासून न्यूयॉर्कचें मेट्रोपॉलिटन नाट्यगृह हें त्याचें कर्मक्षेत्र झालें.

११ डिसेंबर १९२० रोजीं ब्रुकलिनमध्यें तीच संगीतिका चालू असतां त्याच्या मुखांतून रक्त येऊं लागलें. रुमालामागून रुमाल भिजले. तरी पहिला अंक संपेपर्यंत तो गातच राहिला. तंबोरा फुटला तर दुसरा आणतां येतो. गायकाचा देह हेंच त्याचें वाद्य!

२ ऑगस्ट १९२१ रोजीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, नेपल्समध्येंच त्याचा अंत झाला. ज्या नगरास त्यानें आपलें गाणें नाकारलें, त्याच्याच मातींत तो विसावला. त्याचें गाणें मात्र तबकड्यांच्या वाटेनें त्या नगरांतही परतलें.